हुकूम आणि अंमल

कचेरीत एखाद्या कागदावर सही असते, शिक्का असतो, तरी काम होत नाही. कागद खोटा नसतो, मधल्या टेबलावर अडलेला असतो. पेशीतही असं एक टेबल आहे. त्याचं नाव मायक्रोआरएनए.

जनुक म्हणजे मूळ हुकूम. त्याची नक्कल घेऊन संदेशवाहक आरएनए निघतो आणि तिच्याबरहुकूम प्रथिन बनतं. मायक्रोआरएनए जेमतेम २२ अक्षरांचा. त्यातली सहा-आठ अक्षरं त्या नकलेच्या शेपटाशी जुळली, की तो तिथे चिकटतो आणि हुकूम दाबून ठेवतो. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन यांनी १९९३ साली हा प्रकार मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत दाखवला. २०२४मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

हे टेबल लक्षात ठेवून आता पश्चिम आफ्रिकेत जाऊ. तिथे चाळिशीतल्या, कधी तिशीतल्याही बायका स्तनात कर्करोगाची गाठ घेऊन दवाखान्यात येतात. लोकसंख्याच तरुण, तेव्हा रुग्णही तरुण असणार, हे त्याचं एक कारण. पण हार्मोनवरची आणि हर-२ या प्रथिनावरची औषधं जिला लागू पडत नाहीत, अशा ‘ट्रिपल निगेटिव्ह’ गाठीचं प्रमाणही तिथे मोठं आहे. डॉ. फुनमिलायो ओलोपाडे यांच्या गटाने नायजेरियातल्या हजाराहून अधिक रुग्णांची जनुकं तपासली. २०१८च्या त्या अभ्यासात सुमारे आठांतल्या एकीत बीआरसीए-१सह चार प्रमुख जनुकांपैकी एखाद्यात वारशाने आलेला बिघाड सापडला. बाकीच्यांना या चार जनुकांचा हुकूम तरी धडच मिळाला होता.

बीआरसीए-१चं काम तुटलेला डीएनए सांधण्याचं. एमआयआर-१८२ किंवा एमआयआर-१४६ए हा मायक्रोआरएनए वाढला, तर जनुकातलं एक अक्षरही न बदलता हे प्रथिन घटतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. याच्या उलटही घडतं. लेट-७ हा मायक्रोआरएनए पेशीची वाढ चेतवणाऱ्या रॅस जनुकाला दाबून ठेवतो. तो कमी पडला, की लगाम सुटतो. म्हणून मायक्रोआरएनए चांगला की वाईट, हे विचारण्यात अर्थ नाही. त्याने कुणाचा कागद अडवला, ते पाहायचं.

ते पाहायची सोय मेणात आहे. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. अशा ठोकळ्यात लांब आरएनएचे तुकडे पडतात. मायक्रोआरएनए मुळातच आखूड, त्यामुळे तो बराच शाबूत राहतो. उणे ८० अंशांचं शीतकपाट आणि त्याला अखंड वीज जिथे परवडत नाही, तिथे ठोकळ्यांनी भरलेलं साधं कपाटही मोलाचं ठरतं.

एक सावधगिरी मात्र हवी. गाठीत एखादा मायक्रोआरएनए वाढलेला दिसला, म्हणून त्यानेच गाठ केली असं होत नाही. गाठ वाढतानाही त्याची पातळी बदलते. शिवाय ‘आफ्रिकी स्त्री’ ही एकच नव्हे. घानात ट्रिपल निगेटिव्हचं जे प्रमाण आढळतं, ते इथिओपियात आढळत नाही. तेव्हा अक्राचं माप अदिस अबाबाला लावता येत नाही, मग बोस्टनचं कुठून लागणार?

‘जनुक शाबूत’ असा अहवाल आला, म्हणजे मूळ कागद तपासून झाला. टेबलं तपासायची राहिलीच आहेत, आणि ती त्या-त्या गावच्या मेणातच आहेत.