दोष डोळ्यातला, निवाडा कोणाचा?

ज्ञानाच्या साधनात दोष असेल तर त्या साधनातून होणारे ज्ञानही दूषित होते, हे बहुतेक भारतीय दर्शनांना मान्य आहे. मात्र साधन दुरुस्त केले म्हणजे ज्ञान आपोआप प्रमाण ठरते का, आणि साधन दुरुस्त झाले हे ठरवायचे कोणी, या दोन प्रश्नांवर त्यांचे एकमत नाही. चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसर उपकरणांमुळे हा जुना वाद पुन्हा तपासण्याजोगा झाला आहे, कारण येथे खुद्द इंद्रियाचे अधिष्ठान असलेल्या डोळ्याचा आकारच प्रकाशाच्या साहाय्याने बदलला जातो आणि तो बदल मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजता येतो. माप इतके काटेकोर असल्यावर ‘योग्य दृष्टी’ हीसुद्धा निसर्गात आधीपासून ठरलेली, केवळ मोजून काढायची गोष्ट असावी, असा समज सहज होतो.

तो समज तपासण्याआधी उपकरणाचे कार्य पाहणे आवश्यक आहे. डोळ्यात शिरणारे किरण वाकवून ते दृष्टिपटलावर एकत्र आणण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम डोळ्याच्या दर्शनी बाजूचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, करत असतो व उरलेले आतल्या भिंगाकडे असते. निकटदृष्टितेत, म्हणजे दूरचे पुसट दिसण्याच्या दोषात, नेत्रगोल लांबट असल्यामुळे किंवा पारपटलाची वक्रता जास्त असल्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते. पारपटल मध्यभागी किंचित सपाट केले, तर ती मागे सरकून दृष्टिपटलावर येते. १९८१ मध्ये अमेरिकेतील आयबीएमच्या संशोधन केंद्रात भारतात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी जेम्स विन व सॅम्युअल ब्लम यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर एक्सायमर लेसरचा प्रयोग केला. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा हा अतिनील प्रकाश ऊतींमधील रेणूंचे बंध थेट तोडतो आणि शेजारचा भाग जवळजवळ न भाजता नेमका तेवढाच थर काढून टाकतो, हे त्यातून दिसून आले. पुढे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्या सहकार्याने हे तंत्र पारपटलाकडे वळले आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नंबर कमी करण्यासाठी अशा लेसरला मान्यता दिली. एका स्पंदाने साधारण पाव मायक्रॉन जाडीचा थर निघतो. सहा मिलिमीटर व्यासाच्या भागावर एक डायॉप्टर (भिंगाच्या शक्तीचे एकक) नंबर घालवण्यासाठी सुमारे बारा मायक्रॉन ऊती खर्ची पडते, आणि पारपटलाची मध्यभागातील एकूण जाडी अर्ध्या मिलिमीटरहून थोडीच अधिक असते.

लॅसिक या प्रचलित पद्धतीत डोळ्यात बधिरतेचे थेंब घालून पारपटलाचा वरचा पातळ पापुद्रा बाजूला केला जातो, त्यासरशी रुग्णाचे दिसणे धूसर होते, आणि त्या धूसरपणातच त्याला समोरच्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे एकटक पाहत राहण्यास सांगितले जाते. टक टक असा आवाज येत राहतो आणि बहुधा मिनिटभराच्या आत लेसरचे काम संपते. या अवधीत रुग्णाला जो प्रकाश दिसत असतो तो केवळ नजर स्थिर ठेवण्यासाठी असतो, आणि जो प्रकाश डोळा घडवत असतो तो अतिनील असल्यामुळे दिसतच नाही. डोळ्याला दुरुस्त करणारी शक्ती डोळ्याचा विषय होत नाही, एवढे या प्रसंगावरून निश्चित म्हणता येते. त्यापलीकडे जाऊन लेसर म्हणजे ज्ञान आणि नंबर म्हणजे अविद्या अशी जुळणी करणे आकर्षक असले, तरी दोन भिन्न प्रतीच्या दोषांची ती सरमिसळ होईल.

भारतीय तत्त्वचिंतनात सदोष डोळा हा उदाहरण म्हणून पूर्वापार वापरला गेला आहे. ‘तिमिर’ या नेत्ररोगामुळे एकाऐवजी दोन चंद्र किंवा हवेत तरंगणारे केस दिसतात, हा दृष्टांत बौद्ध, मीमांसक व वेदान्ती अशा सर्वांच्या ग्रंथांत आढळतो. बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने ‘न्यायबिंदू’मध्ये भ्रमाची कारणे सांगताना तिमिराबरोबरच वेगाने फिरणारी वस्तू, नावेतील प्रवास आणि शरीरातील क्षोभ यांचीही गणना केली आहे; म्हणजे दोष इंद्रियात, विषयात, पाहणाऱ्याच्या स्थानात किंवा देहात असू शकतो, हे त्याने वेगवेगळे दाखवले. या वर्गीकरणात निकटदृष्टिता मात्र चपखल बसत नाही. नंबर असलेल्या माणसाला दोन चंद्र दिसतातच असे नाही. दूरच्या आकृतीचा सामान्य आकार दिसतो, परंतु तिचे विशेष दिसत नाहीत. सामान्य धर्म दिसतो आणि विशेष धर्म दिसत नाही, या अवस्थेला न्यायदर्शन भ्रम न म्हणता संशय म्हणते, आणि समोर आहे तो खांब की माणूस हे तिचे ठरीव उदाहरण आहे. त्यामुळे लेसर मुख्यतः संशयाचे एक कारण दूर करतो, असे म्हणणे अधिक नेमके होईल. उलट, शस्त्रक्रियेनंतर काहींना रात्री दिव्यांभोवती वलये किंवा एका दिव्याच्या दोन प्रतिमा दिसतात, तेव्हा नसलेले काही दिसत असल्यामुळे तो प्रकार तिमिराच्या दृष्टांताजवळ जातो. वलय दिव्याभोवती नाही हे माहीत असूनही ते दिसणे थांबत नाही.

दोष आहे हे कळते कसे, याविषयी न्याय आणि मीमांसा यांचे मार्ग वेगळे होतात. मीमांसक कुमारिल भट्टाच्या मते ज्ञान स्वभावतःच प्रमाण असते आणि त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान झाल्यावर किंवा कारणातील दोष उघड झाल्यावरच ते अप्रमाण ठरते. यालाच स्वतःप्रामाण्य म्हणतात. कधीच चष्मा न लावलेल्या मुलाला फळ्यावरची अक्षरे पुसट दिसतात, तेव्हा त्याच्या लेखी फळाच तसा असतो; शेजारचा मुलगा ती अक्षरे घडाघडा वाचतो, तेव्हा कुठे दोषाची शंका उद्भवते. नैयायिकांना ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून, विशेषतः सफल प्रवृत्तीवरून, म्हणजे त्या ज्ञानाच्या आधारे केलेली कृती यशस्वी होण्यावरून, ठरवावे लागते. डोळ्यांतून किरण बाहेर पडून वस्तूला भिडतात ही त्यांची प्रकाशमीमांसा पुढील शास्त्राने निकालात काढली असली, तरी प्रामाण्याची ही कसोटी त्यामुळे बाद होत नाही. नंबर काढताना एकामागून एक भिंगे बदलत ‘हे स्पष्ट की ते स्पष्ट’ असे विचारले जाते, तेव्हा प्रत्यक्षात हीच कसोटी वापरली जात असते.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की तान्ह्या बाळाचा नंबरही त्याला काही न विचारता काढता येतो आणि आधुनिक यंत्रे डोळ्यातून परत येणाऱ्या प्रकाशावरूनच त्याचे दोष मोजतात. तेव्हा पाहणाऱ्याच्या साक्षीची गरज उरत नाही. आक्षेप अंशतः खरा आहे. किरण कोठे एकवटतात हे यंत्र सांगते. ते कोठे एकवटावेत हे यंत्र सांगत नाही. प्रचलित मापदंड १८६२ मध्ये डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी तयार केलेल्या अक्षरतक्त्यावरून आला असून, ठरावीक अंतरावरून डोळ्याशी पाच कोनीय मिनिटांचा कोन करणारे अक्षर ओळखता येणे ही त्यातील प्रमाण दृष्टी आहे. अनेक निरोगी तरुणांना याहून बारीक अक्षरे वाचता येतात. म्हणजे हा टप्पा डोळ्याची कमाल मर्यादा नसून व्यवहारासाठी सर्वांनी मान्य केलेली रेषा आहे. केवळ सर्वमान्यतेवर सत्य उभे राहत नाही, हे बौद्ध आचार्य वसुबंधूने ‘विंशतिका’मध्ये दाखवले होते: केस फक्त तिमिररोग्यालाच दिसतात, सर्वांना नाही, या आक्षेपाला उत्तर देताना नरकातील सर्व जीवांना तेच यमदूत एकत्र दिसतात, तरी ते दूत खरे नसतात, असा प्रतिदृष्टांत तो देतो. त्याचा विज्ञानवाद, म्हणजे बाहेरच्या वस्तू जाणिवेहून वेगळ्या नाहीत हे मत, न स्वीकारताही एवढे मान्य करता येते की ‘सर्वांसारखे दिसणे’ आणि ‘जसे आहे तसे दिसणे’ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

दोष हा प्रयोजनसापेक्ष असतो, याचा सर्वात ठळक पुरावा चाळिशीत मिळतो. वयाबरोबर आतल्या भिंगाची लवचिकता घटते आणि जवळचे वाचणे कठीण होते. परंतु उणे तीन नंबर असलेल्या माणसाने चष्मा काढला, तर त्याला सुमारे तेहेतीस सेंटिमीटरवरचे, म्हणजे पोथी किंवा पुस्तक जेथे धरले जाते तेथले, सहज वाचता येते. हाच नंबर लेसरने पूर्ण घालवला, तर दूरचे फलक स्पष्ट होतात आणि वाचण्यासाठी चाळिशी लावावी लागते. वाहनचालकाच्या दृष्टीने जो दोष, तोच निवृत्त वाचकाच्या दृष्टीने गुण ठरतो. म्हणूनच काही वेळा एक डोळा दूरसाठी व दुसरा जवळसाठी ठेवण्याचा मध्यममार्ग जाणीवपूर्वक निवडला जातो. भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनाला दिव्यचक्षू मिळतात आणि विश्वरूप पाहून भयभीत झालेला तोच अर्जुन परिचित सौम्य रूप पुन्हा दाखवण्याची विनवणी करतो. पाहण्याची शक्ती वाढली म्हणून ती पाहणाऱ्याच्या जीवनाला पेलवतेच असे नाही, हा विचार अशा रीतीने धार्मिक परंपरेतही आलेला आहे.

दोषाचा निवाडा कोण करतो, हा मुद्दा वेदान्ताने आणखी एक पायरी वर नेला. ‘दृग्दृश्यविवेक’ या प्रकरणग्रंथात आंधळेपण, मंदपणा आणि तीक्ष्णता हे डोळ्याचे बदलते धर्म मन जाणते आणि मनाचे बदल साक्षी, म्हणजे केवळ जाणणारे चैतन्य, जाणतो, अशी मांडणी आहे. शस्त्रक्रियेपूर्वी पुसट आणि नंतर स्पष्ट दिसले, हे दोन्ही ज्याला कळते तो त्या दोन अवस्थांपैकी कोणत्याही एका अवस्थेशी एकरूप नसतो. तसा असता, तर त्याला तुलनाच करता आली नसती. साक्षी नित्य व अविकारी आहे हा वेदान्ताचा पुढचा निष्कर्ष एवढ्यावरून सिद्ध होत नाही आणि बौद्ध विचारवंत येथे स्मृतीच्या सलग प्रवाहाकडे बोट दाखवतील. तथापि डोळ्याच्या गुणदोषांचा निवाडा खुद्द डोळा करत नाही, इतके दोन्ही पक्षांना मान्य करावे लागेल.

तेव्हा ‘परिपूर्ण दृष्टी’ देण्याचे जाहिरातीतील आश्वासन हे तांत्रिकदृष्ट्या अतिशयोक्त असण्याआधीच तात्त्विकदृष्ट्या अपुरे आहे, कारण कशासाठी परिपूर्ण हा त्यातील अध्याहृत भाग ते गाळून टाकते. ठरलेला आकार अचूक घडवणे हे उपकरणाचे काम आहे आणि तो आकार देताना पारपटल पुरेसे जाड उरेल याची खातरजमा करणे हे शल्यचिकित्सकाचे. कोणती वस्तू कोणत्या अंतरावरून आणि कशाच्या बदल्यात स्पष्ट दिसावी हे मात्र ज्याला त्या डोळ्याने जगायचे आहे त्यालाच सांगावे लागते. रुग्णाची संमती ही कागदावरची औपचारिकता नसून शस्त्रक्रियेच्या मापाचाच एक भाग आहे, असे यावरून म्हणावे लागते, आणि ते माप बाकी सर्व मापांच्या आधी घेतले गेले पाहिजे.