दाखला

जानेवारीचा तिसरा आठवडा होता. आत्या माडीवरच्या खोलीत उन्हात पाय सोडून बसली होती. पुढ्यात परात, परातीत हरभऱ्याचे घाटे. अंगठ्याने घाटा फोडायचा, दाणा वाटीत टाकायचा, टरफल पदरात. सत्त्याऐंशीव्या वर्षीही तिची बोटं न बघता चालतात.

माझ्या हातात पाकीट होतं. पाकिटात तिचा शाळा सोडल्याचा दाखला. आजोबांच्या ट्रंकेतल्या कागदांत तो सापडला होता. तिला दाखवावा की नाही, या विचारात माझे दोन दिवस गेले होते.

कारण असं, की ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता दोन मिनिटांचं मौन झालं की शेजारच्या शाळेत आत्या मुलांशी बोलणार होती. गांधीजी गेले तेव्हा ती कुठे होती, हे सांगणार होती. ती हकीकत आमच्या घरात प्रत्येकाला पाठ आहे. १९४८ सालचा शुक्रवार, दिवेलागणीची वेळ. नगरला तिच्या आजीच्या वाड्यात संक्रांतीचं हळदीकुंकू. आत्याची आई बायकांना कुंकू लावत पुढे सरकत होती. तेवढ्यात शेजारचे कुणी दारात येऊन म्हणाले, गांधीजींना गोळ्या घातल्या, गेले. आईच्या बोटाला कुंकू लागलेलं, समोरच्या बाईचं कपाळ वीतभर लांब, आणि हात तिथेच थांबला. आता लावायचं की नाही, ते कुणालाच कळेना.

मी दाखला तिच्यापुढे धरला. "आत्या, तू नगरच्या शाळेत जून १९४८मध्ये आलीस. त्याआधी संगमनेर. आजोबांची बदली नंतर झाली."

तिने चष्मा लावून तो नीट वाचला. "अक्षर हेडमास्तरांचं आहे," म्हणाली. "पण मी कुठल्या शाळेत होते, एवढंच यात आहे. शुक्रवारी संध्याकाळी कुठे होते ते कुठे लिहिलंय?"

"शुक्रवारी शाळा असते. संगमनेर ते नगर म्हणजे त्या काळी अख्खा दिवस."

"हळदीकुंकवाला आई आम्हाला घेऊन यायचीच. एसटीने आलो होतो. खिडकीत बसले होते मी."

"एसटी १ जून १९४८ला सुरू झाली. पहिली गाडी धावली तीच मुळी पुणे ते नगर. जानेवारीत एसटी नव्हती, आत्या."

तिची बोटं थांबली. मला वाटलं, इथे गोष्ट संपली. जिंकल्याचं मला बरं वाटलं नाही, पण जिंकलो असंच वाटलं.

"मग खासगी सर्व्हिस मोटारीने आलो असू," ती म्हणाली. "पुढे प्रत्येक मोटारीला आम्ही एसटी म्हणायला लागलो. शब्द नंतरचा, म्हणून प्रवासही नंतरचा होतो का रे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी शास्त्राकडे वळलो. उलरिक नायसर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं तिला सांगितलं. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची बातमी आली तेव्हा आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो, अशी त्याची पक्की आठवण होती. पुढे कित्येक वर्षांनी त्याच्या लक्षात आलं, की हल्ला डिसेंबरातला, आणि डिसेंबरात बेसबॉलचे सामने नसतात. जानेवारी १९८६मध्ये चॅलेंजर यान कोसळलं, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्याने विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कळली तेव्हा कुठे होता, कुणी सांगितली, काय करत होता. अडीच-तीन वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. एक चतुर्थांश विद्यार्थ्यांचं एकही मुख्य उत्तर जुळलं नाही. आणि ते तर खात्रीने सांगत होते. त्यांच्याच हातचे कागद समोर ठेवले, तरी नवी आठवण काही हलेना.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. "त्या मुलांना कुणी तरी विचारलं होतं," ती म्हणाली. "नऊ वर्षांच्या पोरीला त्या संध्याकाळी कुणी विचारलं नाही. तुझ्याकडे माझा कागद नाही आणि माझ्याकडेही नाही. तू शाळेचा कागद घेऊन आलास."

"म्हणूनच म्हणतो, मुलांना खात्रीने सांगू नकोस. ती तुला साक्षीदार समजतील."

"कशाची साक्षीदार? गांधीजी दिल्लीत गेले. मी कुंकवाची साक्षीदार आहे."

"तेच तर खरं की खोटं, ते ठरत नाही."

"बरं. तुझं खरं धरू. बातमी संगमनेरला कळली आणि हळदीकुंकू पुढच्या सालचं. मग आईचा तो थांबलेला हात मी कुठे ठेवू? पुढच्या वर्षी तो थांबायला काय कारण होतं?"

त्या हाताशी आम्ही बराच वेळ अडून बसलो. मी म्हणालो, हात खरा असेल, प्रसंग दुसरा असेल. एखाद्या नात्यातल्या मरणाची बातमी आली असेल. ती म्हणाली, असेल. मी म्हणालो, मग मुलांना सांग, असं मला आठवतं. ती म्हणाली, सगळेच आठवणी सांगतात, ते वेगळं कशाला सांगायचं? मी म्हणालो, कारण आजकाल जो तो आपल्याला हवं ते आठवतो आणि त्याला इतिहास म्हणतो. यावर ती काही बोलली नाही. माझं हे म्हणणं मला अजूनही बरोबर वाटतं.

मग ती एकदम म्हणाली, "आमच्या थोरल्या काकांचं तुला कुणी सांगितलंय?"

नव्हतं सांगितलं.

"काका डेक्कन गेस्ट हाउसात जेवायला जायचे. करकऱ्यांच्या."

त्या नावाचा आणि आमच्या घराचा काही संबंध असेल, हे मला पहिल्यांदाच कळत होतं. विष्णू करकरे नगरचा. इथे त्याचं गेस्ट हाउस होतं. हिंदू महासभेचं काम करायचा, फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांत वावरायचा. श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरच्या निर्वासित छावणीतला मदनलाल पाहवा त्याला इथेच भेटला. २० जानेवारीला बिर्ला भवनात स्फोट घडवला तो याच मदनलालने. ३० जानेवारीला गोळ्या सुटल्या तेव्हा करकरे त्याच आवारात होता. दोघांनाही जन्मठेप झाली. १९६४मध्ये सुटल्यावर करकरे नगरलाच परत आला.

"काकांना त्यात काही ठाऊक होतं?"

"मुळीच नाही. नाकासमोर चालणारा माणूस. आधी सांगायचे, तिथली आमटी चांगली असते. त्या जानेवारीनंतर त्यांनी त्या आमटीचं नाव काढलं नाही. आम्हीही कधी विचारलं नाही. माझं कुंकवाचं ताट मात्र सगळ्यांनी शंभरदा ऐकलं. का, ते आज कळतंय. त्या ताटाशी मी होते, म्हणजे त्यात मी नव्हते. तू तुझा दाखला आणलास ना? तो माझा दाखला आहे."

मी विरोध केला, आणि मनापासून केला. एका माणसाचं गेस्ट हाउस गावात होतं म्हणून गाव गुन्हेगार होत नाही. ज्याच्याकडे जेवलो त्याच्या मनात काय शिजतंय, हे जेवणाऱ्याला कसं कळावं? असा हिशोब मांडायला बसलं तर कुणीच सुटणार नाही. हत्येनंतर महाराष्ट्रात नेमकं तेच झालं. मारेकऱ्याच्या जातीची म्हणून कितीतरी घरं जाळली गेली, आणि त्या घरांचा त्यात काही हात नव्हता.

"गुन्हेगार कोण म्हणालं?" ती म्हणाली. "सांगत नाही, एवढंच म्हणाले मी. बातमी आली तेव्हा कुठे होतो, ते सगळे सांगतात. बातमीच्या आधी कुठे होतो, ते कोण सांगतं?"

तिचा हा प्रश्न सरकारनेही विचारला होता, अठरा वर्षं उशिरा. १९६६मध्ये कपूर आयोग नेमला, तो कटाची माहिती आधी कुणाला होती हे शोधायला. आमच्या वाड्यात असा आयोग कधी बसला नाही. शहराचंही तसंच. पाहुणा आला की आम्ही त्याला किल्ला दाखवतो. १९४२पासून नेहरू, पटेल, मौलाना आझाद इथे कैदेत होते, 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथे लिहिलं गेलं, हे अभिमानाने सांगतो. गेस्ट हाउस मी आजवर कुणाला दाखवलेलं नाही.

दाणे संपत आले होते. आत्याने वाटी बाजूला ठेवली. "मुंबईवर हल्ला झाला तेव्हा तू कुठे होतास?"

"घरीच. २६ नोव्हेंबर २००८. रात्री जेवण झाल्यावर टीव्ही लावला, तो तीन दिवस बंद केला नाही. कुठल्या खुर्चीत बसलो होतो, तेही आठवतं."

"आणि इथे जिल्हा रुग्णालयाला आग लागली तेव्हा?"

६ नोव्हेंबर २०२१. करोनाच्या रुग्णांचा अतिदक्षता विभाग. त्या दिवशी ११ माणसं गेली. त्यांना पळता येण्याजोगं नव्हतं, श्वाससुद्धा दुसऱ्या कुणी पुरवायचा होता. आणि मी कुठे होतो, ते मला आठवेना. मोबाइलमधले फोटो काढून बघितले. त्या दिवशी भाऊबीज होती. सावेडीत बहिणीच्या घरी ओवाळणीचं ताट, निरांजन, माझं हसणं. वेळ, सकाळचे ११ वाजून ४० मिनिटं. आग लागून तास झाला नसेल.

"मुंबई लांब होती," आत्या म्हणाली. "लांबचं लख्ख आठवतं."

दाखला मी परत पाकिटात घातला. तीस तारखेला ती काय सांगणार, ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

घरी जाताना बहिणीला फोन केला. त्या दिवशीचं तुला काय आठवतं, विचारलं. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, आगीच्या बंबाचा आवाज तूच ऐकलास. खिडकीत जाऊन म्हणालास, कुठेतरी काहीतरी झालंय. मग मी तुला बोलावलं, आणि आपण जेवायला बसलो."

मला यातलं काहीच आठवत नाही. आणि तिच्याकडेही कागद नाही.