एकादशी कोणाच्या सूर्योदयाची?



महाड-पोलादपूरकडची मुले पोटापाण्यासाठी आता मुंबईच्याही पलीकडे, समुद्रापार गेली आहेत. घरच्या वडीलधाऱ्यांचा त्यांना आग्रह असतो, 'पंढरीची एकादशी तीच तुझी.' म्हणून विचार करावा लागतो, की दूरदेशी राहणाऱ्याने व्रताचा दिवस कोणता धरावा?

मॉरिशस बेटाचे उदाहरण घ्या. १८३४ पासून तिथे उसाच्या मळ्यांसाठी करारावर मजूर नेले. त्यांत मुंबई इलाख्यातली, कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही गणेश चतुर्थी करतात, त्या दिवशी तिथे सरकारी सुट्टी असते. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. पण अंतर तेवढेच नाही. आषाढात आपल्या सावित्रीला पाणी चढते, आपण चिखलात भाताची लावणी करतो. तिथे तेव्हा हिवाळा, आणि ऊसतोडणी चालू.

आता तिथी पाहू. चंद्र सूर्याच्या १२० अंश पुढे गेला की एकादशी लागते. तो क्षण साऱ्या पृथ्वीला एकच. व्रताचा दिवस मात्र अरुणोदयावरून ठरतो, आणि अरुणोदय जागोजागी वेगळा. सूर्योदयापूर्वीच्या चार घटका, म्हणजे ९६ मिनिटे, हा अरुणोदय. त्या वेळी दशमीचा वेध असेल तर भागवत एकादशी दुसऱ्या दिवशी.

समजा, आपल्या घड्याळाने सोमवारी पहाटे साडेपाचला एकादशी लागली. आषाढात महाडला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो; अरुणोदय साडेचारलाच झाला, तेव्हा दशमी होती. आपली एकादशी मंगळवारी. मॉरिशसला सूर्य उगवेपर्यंत आपल्याकडे आठ वाजून जातात. तिथल्या अरुणोदयाला आपले साडेसहा झालेले असतात, आणि एकादशी लागलेली असते. त्यांची एकादशी सोमवारी. शास्त्र एक, तिथी एक, दिवस दोन. चुकले कोणीच नाही.

कोणी म्हणेल, पंढरीत लाखोंचा मेळा भरतो त्याच दिवशी उपवास नको का? भावना खरी आहे. पण ज्याची लावणी खोळंबली आहे, त्या आपल्या शेतकऱ्याला आषाढी घरीच करावी लागते. त्याची भक्ती उणी, असे आपण म्हणतो का? आणि घड्याळ तरी आपले कुठे आहे? १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. महाडचा सूर्य तिच्या सुमारे ३६ मिनिटे मागे. व्यवहार आपण दूरच्या वेळेने करतो, व्रत मात्र आपल्याकडच्या सूर्योदयाने. परदेशातल्या लेकराला हाच न्याय का नसावा?

व्रत देहाने करायचे. देह जिथे उभा, तिथला सूर्य त्याचा. नामाला मात्र ना अरुणोदय, ना वेध. पंढरीच्या दिवशी त्याने हरिपाठ म्हणावा. तो मेळ्यात आलाच.

आणखी एक सांगतो. आषाढात न्यू जर्सीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. आपण दुपारी बाराला फोन लावला, तर तिथे रात्रीचे अडीच. सकाळी कामावर जायच्या लेकराला त्या वेळी उठवून 'उपास धरलास ना?' असे विचारण्यात विठ्ठलाची कसली सेवा? समोरच्याची रात्र ओळखून थांबणे हीदेखील भूतदयाच आहे, माउली.