नाथासमोरची शपथ आणि अर्जुनाचा प्रश्न



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३६ ते ४१.

अर्जुन विचारतो, मनात नसतानाही माणूस पाप का करतो? कोणीतरी बळजबरीने ढकलत असल्यासारखा? हा श्लोक मी कॉलेजपासून वाचतोय. पण 'मनात नसतानाही' म्हणजे काय ते मला गेल्या वर्षी कळलं, सोनारीच्या यात्रेनंतर.

परंडा तालुक्यातलं सोनारी. तिथला काळभैरवनाथ आमचं कुलदैवत. चैत्रात आम्ही पुण्याहून जातो, देवळाभोवतीच्या माकडांपासून प्रसादाच्या पिशव्या सांभाळत दर्शन घेतो आणि आत्याच्या गावी मुक्काम करतो. गेल्या वर्षी माझ्या आतेभावाने, दादाने, नाथाच्या पायरीवर डोकं टेकवून शपथ घेतली: आजपासून दारू बंद. पंधरा वर्षांची दारू, त्यातली शेवटची काही वर्षं तर सकाळी उठल्यापासून. आत्या रडली. मी मात्र रात्री बायकोला फोनवर म्हणालो, "तिसरी शपथ आहे ही. त्याला सोडायचीच नाहीये."

दुसऱ्या दिवशी दादाच्या हातात कपबशी धरवेना. अंगाला दरदरून घाम. संध्याकाळी फिट आली. तिसऱ्या दिवशी पहाटे तो घरातल्या भिंतीकडे बोट दाखवून माकडं हाकलायला लागला. घरात एकही माकड नव्हतं. आत्या म्हणाली, "नाथाचा कोप झालाय." कोणी म्हणे अंगारा लावा, कोणी म्हणे घोटभर पाजा. शेवटी गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "शेवटची कधी घेतली?"

त्यांनी जे समजावलं ते असं. दारू मेंदूतल्या शांत करणाऱ्या रसायनाला, म्हणजे गाबाला, जोर देते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. हे वर्षानुवर्षं चाललं की मेंदू उलटी भरपाई करतो. स्वतःचा ब्रेक सैल करतो, ॲक्सिलरेटर दाबून धरतो. मग एका दिवसात दारू काढली की ब्रेक नाहीच, नुसता ॲक्सिलरेटर. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्याच्या आसपास किंवा पुढे भ्रम. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. म्हणून औषधं देऊन, ती हळूहळू कमी करत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवावं लागतं. सोबत बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, कारण पिणाऱ्याच्या शरीरात ते फार कमी झालेलं असतं.

म्हणजे दादाला फिट आली ती शपथ मोडल्यामुळे नाही. पाळल्यामुळे. आणि मी त्याला खोटा ठरवून मोकळा झालो होतो.

आता श्लोकांकडे. भगवंत कामाला 'महाशन' म्हणतात, कितीही खाल्लं तरी न भरणारा. दारूचं तसंच आहे. कालचा पेला आज पुरत नाही, कारण मेंदूने भरपाई वाढवलेली असते. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो चाळिसावा श्लोक. शत्रू बसतो कुठे? इंद्रियांत, मनात आणि बुद्धीतही. आपण व्यसनी माणसाला म्हणतो, "जरा विचार कर." अरे, पण विचार करणारी जागाच ताब्यात गेलीये! आमच्या कामात मॉनिटरिंग सिस्टीम बंद पडलेल्याच सर्व्हरवर चालत असेल तर अलर्ट येतच नाही. तसं.

मग एक्केचाळिसाव्या श्लोकात भगवंत सुरुवात कुठून करायला सांगतात? इंद्रियांपासून. मी याचा अर्थ घेतो: आधी शरीर. हा माझा अर्थ आहे, भाष्यकारांवर लादत नाही. शपथ खोटी नव्हती, फक्त तिच्याआधी दवाखाना हवा होता. (आणि रोज पिणाऱ्याला घरच्या घरी एकदम 'सोड' म्हणू नका. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे.)

दवाखाना झाला की सगळं संपतं असंही नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तिथेही औषधांच्या जोडीला समुपदेशन असतं, घरच्यांनाही सोबत घेतात. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची पहिली पायरीच अशी की दारूपुढे माझं बळ चालत नाही हे कबूल करणं. तिथे आयुष्यभराची नव्हे, आजच्या दिवसापुरती न पिण्याची गोष्ट बोलतात. दादा आता त्यांच्या मीटिंगला जातो. नाथाच्या पायरीवर डोकंही ठेवतो.

दिवाळीत तो एकदा घसरला. रात्री अकराला स्वतःहून फोन केला. "घेतली रे," एवढंच बोलला, मग गप्प. माझ्या ओठांवर शपथेचं आलं होतं. ते गिळलं आणि विचारलं, "दादा, शेवटची कधी घेतली? एकटा आहेस का? मी निघतो."

उद्या श्लोक ४२. राम कृष्ण हरी.