देशी नाव, परदेशी भाग

मोटारसायकलच्या टाकीवर लिहिलेले नाव आणि टाकीखालच्या यंत्रातील भागांचे मूळ यांत किती अंतर असावे? प्रश्न वरवर व्यापाराचा दिसतो. आम्हाला तो सत्यकथनाचा, म्हणजेच नीतीचा वाटतो.

अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसनचे उदाहरण घेऊ. १९०३ साली मिलवॉकी येथे सुरू झालेली ही कंपनी गाडीबरोबर अमेरिकन अस्मिताही विकत आली आहे. जपानी गाड्यांच्या स्पर्धेने ती अडचणीत आली, तेव्हा १९८३ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी ७०० सीसीहून मोठ्या आयात मोटारसायकलींवरील जकात ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेली. हे संरक्षण पाच वर्षांचे व दरवर्षी घटत जाणारे होते. १९८७ मध्ये कंपनीनेच ते मुदतीपूर्वी उठवण्याची विनंती केली. परंतु त्याच दशकात हार्लेच्या गाड्यांवर केहिनचे कार्बोरेटर आणि शोवाचे फोर्क बसत होते, आणि या दोन्ही कंपन्या जपानी. ज्या देशाची गाडी उंबरठ्यावर अडवली, त्याच देशाचे भाग अमेरिकन नावाखाली घरात नांदत होते.

याला लबाडी म्हणावे काय? चांगला भाग जेथे मिळतो तेथून घेण्यात दोष नाही. आपल्या भाषेकडेच पाहा. पगार, चावी, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या मराठीने तर शेजारच्या हिंदी, गुजराती, कन्नडकडूनही पुष्कळ घेतले. तरी ती मराठीच राहिली. घेतलेल्याला जो आपले वळण देतो आणि साऱ्याची जबाबदारी पत्करतो, त्याची ती वस्तू होते.

मात्र भाषा आपल्या शुद्धतेचे मोल कोणाकडून वसूल करीत नाही, विक्रेता करतो. ‘देशी’ या शब्दाखातर ग्राहक जेव्हा पैसे मोजतो, तेव्हा ते आपल्याच माणसांच्या हाताला काम मिळावे, या भावनेने. तेथे तो शब्द वचन ठरतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा दंडकही असाच आहे: ‘अमेरिकेत बनलेले’ असे बिनशर्त म्हणायचे, तर वस्तू सर्वस्वी किंवा जवळजवळ सर्वस्वी तेथील हवी. ‘परदेशी भाग वापरून अमेरिकेत जुळवलेले’ असे खरेखुरे सांगण्यास आडकाठी नाही. म्हणजे खरे बोलण्याची वाट खुली आहे. ती टाळली जाते, कारण खऱ्याला भाव कमी मिळेल अशी भीती असते.

आपल्याकडे एन्फिल्ड बुलेटची जुळणी मद्रासला १९५५ मध्ये इंग्लंडहून आलेल्या भागांवर सुरू झाली. १९६२ पर्यंत सारे भाग येथे बनू लागले. ‘देशी’ हा शब्द तेथे श्रमाने खरा केला गेला. याउलट आज चाकणला बनणाऱ्या केटीएम आणि ट्रायम्फच्या गाड्या ऑस्ट्रियन आणि ब्रिटिश नावांच्या दिमाखात विकल्या जातात. तेथे झाकले जातात ते आपल्या कामगारांचे हात. ग्राहकालाही एकदा देशाभिमान हवा असतो, एकदा परदेशी प्रतिष्ठा. म्हणून भागांची चौकशी तो सहसा करीत नाही.

आमच्या मते उपाय साधा आहे. आराखडा कोठला, मुख्य भाग कोठले, जुळणी कोठली, हे विक्रेत्याने सांगावे आणि ग्राहकाने विचारावे. एवढ्या माहितीने जो अभिमान कोमेजतो, तो जपण्याच्या योग्यतेचा नव्हता.