वचन जवळ आले, ते कशासाठी?

मननासाठी शास्त्रभाग : अनुवाद 30 : 11–14, लूक 24 : 13–35



इस्राएल लोक मवाबाच्या मैदानात, यार्देनेच्या अलीकडे येऊन ठेपले होते. अरण्यातील चाळीस वर्षांचा प्रवास संपत आला होता. ज्या मोशेने त्यांस मिसर देशातून बाहेर आणिले तो आता एकशेवीस वर्षांचा झाला होता, आणि नदी उतरून पलीकडे जाणे त्याच्या वाट्यास नव्हते. आजवर काही अडले की लोक मोशेकडे जात आणि मोशे देवाकडे जाई. आता मोशे राहणार नाही. यहोशवा पुढारी नेमला गेला होता खरा. परंतु घरोघरी, तंबूतंबूत यहोशवा कोठून पुरणार? तेव्हा ज्या घरात मोशे नाही आणि यहोशवाही नाही, त्या घरास देवाचे मन कळावे कसे, हा प्रश्न त्या म्हाताऱ्या सेवकापुढे होता.

त्याचे उत्तर आपल्या आजच्या शास्त्रभागात आहे. तो लोकांस सांगतो की देवाची आज्ञा आकाशात ठेवलेली नाही, की कोणीतरी वर चढून ती खाली आणावी. समुद्रापलीकडेही नाही, की कोणीतरी गलबतात बसून ती घेऊन यावी. ती त्यांच्या मुखात व त्यांच्या अंतःकरणात आहे. आणि ती तेथे कशाकरिता आहे, हेही तो सांगून टाकतो : तिच्याप्रमाणे वागता यावे म्हणून. ह्या शेवटल्या गोष्टीकडे आपले लक्ष फारसे जात नाही. वचन जवळ आहे एवढे ऐकून आपले समाधान होते. ते कशासाठी जवळ आहे, हे आपण विचारीत नाही. तर आज आपण तीन गोष्टींचा विचार करू.

पहिली गोष्ट : देव आपल्या ओळखीची वाट न पाहता जवळ आलेला असतो.

अम्माऊस गावाकडे जाणाऱ्या त्या दोन शिष्यांकडे पाहा. ज्याच्यावर त्यांनी आशा ठेविली होती तो वधस्तंभावर मरण पावला होता. ते खाली मान घालून, झालेल्या गोष्टींविषयी बोलत चालले होते. इतक्यात एक वाटसरू त्यांच्याबरोबर चालू लागला. तो स्वतः येशू होता. पण त्यांनी त्यास ओळखले नाही. आता आम्ही आपणांस असे विचारतो की त्या वाटेवर प्रभू त्यांच्याजवळ केव्हा आला? त्यांनी त्यास ओळखले तेव्हा, की त्याआधी? तो आधीच आला होता. त्यांचे डोळे उघडले नव्हते तेव्हाही त्याची पावले त्यांच्या पावलांबरोबर पडत होती.

ही गोष्ट आपल्या खेड्यांतील मंडळ्यांनी मनावर धरावी. आपल्या जिल्ह्यात पुष्कळ गावी पाळक राहत नाहीत. एकेका पाळकाकडे अनेक गावे असतात, आणि कोठे महिन्यातून एकदाच प्रभुभोजनाचा विधी होतो. पाळकसाहेब आले की मंदिर झाडले जाते, पेटी व टाळ बाहेर निघतात, आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते. ते गेले की मंदिराला कुलूप लागते. मग मध्यरात्री मूल तापाने फणफणले, तर आई म्हणते, "आज पाळकसाहेब असते तर प्रार्थना तरी झाली असती!" माउली, पाळक आपल्या मोटारसायकलीवर बसून गेले हे खरे, परंतु देव त्यांच्या मागे बसून गेला नाही. तो तुझ्या दिव्याजवळ आहे. तुझी प्रार्थना मोडकी असली तरी ती ऐकण्यास त्यास मध्यस्थ लागत नाही; मध्यस्थ एकच, तो ख्रिस्त, आणि तो उंबऱ्याच्या आत आहे. मुलास दवाखान्यात घेऊन जा, आणि वाटेत त्याच्याशी बोलत जा.

तसेच दिवाळीनंतर पाथर्डी-शेवगावाकडील कुटुंबे ऊसतोडीस निघतात. घरास कुलूप, बिऱ्हाड गाडीवर, आणि पुढे कित्येक महिने उसाच्या फडाकडेच्या कोपीत राहणे. तेथे ना मंदिर, ना घंटा, ना रविवार. अशा ठिकाणी देव आपल्याबरोबर आला असेल का, अशी शंका मनात येते. जो देव चाळीस वर्षे तंबूत राहणाऱ्या लोकांबरोबर तंबूतच राहिला, त्यास कोपी परकी वाटेल काय?

दुष्काळाचाही विचार येथे केला पाहिजे, कारण आपला जिल्हा पर्जन्यछायेतील आहे. 1972 च्या दुष्काळात ज्यांनी कामावर खडी फोडली व मुलांना सुकडी खाऊ घातली, ती वडील माणसे अजून काही घरांत आहेत. आकाश तांबूस झाले, विहिरींचा तळ दिसू लागला, म्हणजे देव दूर गेला असे मनुष्यास वाटते, आणि त्याबद्दल त्यास दोष देणे बरे नव्हे. हबक्कूक संदेष्ट्यानेही देवास जाब विचारला होता. पण तोच संदेष्टा शेवटी असे ठरवितो की झाडास फळ नसले, शेतात अन्न नसले आणि गोठा रिकामा असला, तरी आपण देवाच्या ठायी आनंद करू. म्हणून पीक पाहून देवाचे अंतर मोजू नये. अम्माऊसच्या वाटेवर जो दुःखितांबरोबर चालला, तो खडीच्या ढिगाजवळही बसला होता.

दुसरी गोष्ट : शास्त्र आपल्यापर्यंत खाली आणिले गेले, ते आपणांस समजावे म्हणून.

मोशे म्हणाला की समुद्रापलीकडे जावे लागत नाही. आपल्या बाबतीत समुद्र ओलांडला गेला, पण तो आपण ओलांडिला नाही. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकेतून 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले. हॉल हे 1826 साली नाशिककडून परत येताना पटकीने वाटेतच वारले. आणि त्याच वर्षी नवा करार मुंबईत मराठीत छापून निघाला. 1831 च्या डिसेंबरात अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, मिशनचे काम सुरू झाले. संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत 1847 साली छापले गेले. परंतु ह्यावरून कोणी असे समजू नये की देव त्या गलबतात बसून प्रथम आपल्या देशी आला. पौलाने अथेनै येथील लोकांस सांगितले होते की देव आपणांपैकी कोणापासूनही दूर नाही. आणि ज्यांस हे सांगितले त्यांनी तोवर येशूवर विश्वास ठेविला नव्हता. देव येथे होताच. समुद्रावरून आली ती त्याची ओळख; आणि ती ओळखही आपल्या भाषेत उतरविण्यास ह्याच देशाचे पंडित व शास्त्री मिशनऱ्यांच्या शेजारी बसले, तेव्हाच ते काम झाले.

शास्त्र आपल्या बोलीत येणे म्हणजे काय, हे ह्या जिल्ह्यास वेगळे शिकवावयास नको. 1290 साली ज्ञानेश्वरांनी संस्कृतातील गीतेचा अर्थ मराठीत सांगितला तो ह्याच जिल्ह्यातील नेवाशास. ज्या खांबाशी बसून त्यांनी तो सांगितला असे मानितात, तो दगडी खांब आजही तेथे लोक पाहावयास जातात. त्याच नेवासे तालुक्यात वडाळ्याचे मिशन एकोणिसाव्या शतकात उभे राहिले, आणि ज्यांस पोथीचा शब्द कानांवर घेण्याचीही मनाई होती, ज्यांस देवळाच्या पायरीअलीकडे थांबावे लागे व ज्यांची विहीर निराळी असे, अशा घरांतील मुले तेथे पाटीवर अक्षरे गिरवू लागली. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे तेच होते. मिशनच्या बायबल-बाया घरोघरी जाऊन, जात्याजवळ, चुलीजवळ बसून वाचून दाखवीत. कृष्णराव सांगळे व रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी तेच वचन कीर्तनातून, टाळ-वीणेसह, गावच्या चावडीपर्यंत नेले. ज्यास वाचता येत नव्हते त्यासही ऐकता येत होते.

तरीही एका स्त्रीस हे पुरेसे वाटले नाही. पंडिता रमाबाईंचे संस्कृतचे ज्ञान सर्वांस ठाऊक आहे. पुणे जिल्ह्यातील दौंडजवळच्या केडगावी, मुक्तिसदनात, त्यांच्याभोवती दुष्काळातून आलेल्या व घरांतून टाकलेल्या शेकडो स्त्रिया होत्या. ह्या स्त्रियांस मराठी शास्त्रातील संस्कृत शब्द कळत नाहीत, हे त्यांनी पाहिले. तेव्हा त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या आणि मूळ ग्रंथावरून सर्व शास्त्र साध्या मराठीत उतरविण्यास बसल्या. आयुष्याची शेवटची कित्येक वर्षे त्यांनी ह्या एका कामास दिली. खिळे जुळविणे, छापणे ही कामेही तेथील स्त्रियाच करीत. काम हातावेगळे झाले आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या. त्यांचे भाषांतर 1924 साली पुढे आले. बंधूंनो, विद्या माणसास वर चढविते असा जगाचा अनुभव आहे. ह्या बाईने आपली सारी विद्या खाली उतरण्यास लाविली. ज्या देवाने आकाश सोडून गोठ्यात जन्म घेतला, त्याचे शास्त्र असेच खाली उतरले पाहिजे, हे त्यांस उमगले होते.

तिसरी गोष्ट : शास्त्र पूजेसाठी दिलेले नाही, ज्याची ते साक्ष देते त्याच्याकडे आपण यावे व त्याच्या इच्छेप्रमाणे वागावे म्हणून दिलेले आहे.

पुष्कळ घरांत पवित्र शास्त्र कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेविलेले असते. लग्नात मिळालेले, वडिलांच्या सहीचे, म्हणून ते जपतात. कोणी आजाऱ्याच्या उशाखाली ठेवितात. कोणी डोळे मिटून पान उघडतात, आणि बोट पडेल त्या ओळीवरून मुलीची सोयरीक करावी की नाही हे ठरवितात. आता तर शास्त्र मोबाइलमध्येही आले आहे. खिशात असते, पण ट्रंकेतल्यासारखेच मिटलेले. आदर वाईट नाही; परंतु ताईत करणे हा शास्त्राचा आदर नव्हे. प्रभू येशूने आपल्या काळच्या शास्त्राभ्यासी लोकांस हाच दोष लाविला. ते लेख शोधून पाहत, पण ज्याविषयी ते लेख साक्ष देत होते त्याच्याकडे येण्याची त्यांची इच्छा नव्हती.

आपल्याकडील शेतकरी हे लवकर समजेल. एखाद्याने कर्ज काढून विहीर खणिली. पन्नास फुटांवर पाणी लागले. त्याने बांधकाम केले, मोटार बसविली, गावास पेढे वाटिले. पण दारे धरून पाणी वाफ्यात सोडावयास तो कधी उतरलाच नाही. काठावर बसून म्हणतो, "पाहा, पाणी किती जवळ आहे!" आणि दहा हातांवर त्याची ज्वारी करपत आहे. त्या पाण्याचे जवळ असणे त्याच्या विरुद्धच साक्ष देईल की नाही? ज्यास पाणी लागलेच नाही त्याची गोष्ट निराळी. वचन जवळ असणे ही देणगी आहे, तशीच ती जबाबदारीही आहे.

तर मग पाणी कोठे सोडावयाचे? दूर पाहू नका. दोन भाऊ आहेत. दोघे एकाच मंदिरात बसतात, एक उजवीकडे व एक डावीकडे. वडिलोपार्जित जमिनीच्या बांधावरून तालुक्याच्या कोर्टात त्यांचा दावा चालू आहे. हातभर बांधासाठी दोन्ही घरांची चूल तुटली आहे. दोघांच्याही घरी शास्त्र आहे, आणि अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट करावा, ही प्रभूची आज्ञा दोघांसही पाठ आहे. मुखात वचन आहे; मोशे म्हणाला तसे ते जवळच आहे; फक्त पाय बांधाकडे वळत नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जरी ती कडू लागेल. ज्यांस जगाने दूर ठेविले त्यांच्याजवळ देव आला, हे आपल्या मंडळ्यांच्या इतिहासाचे सार आहे. असे असता, आपल्यातच एका वाड्याचे ख्रिस्ती दुसऱ्या वाड्याच्या ख्रिस्त्यांस आजही कमी लेखीत असतील, त्यांच्या घरी मुलगी देण्यास कचरत असतील, तर आपण ज्या अंतराखाली चिरडले गेलो तेच अंतर आता स्वतःच्या हाताने मोजीत आहो. ज्या देवाने आपल्यासाठी अंतर ठेविले नाही, त्याचे वचन वाचून ह्याचे समर्थन कसे करावयाचे?

अम्माऊसच्या गोष्टीचा शेवट लक्षात घ्या. प्रभूने वाटेत शास्त्राचा उलगडा केला तेव्हा त्या दोघांची अंतःकरणे पेटली. त्याने भाकर मोडली तेव्हा त्यांनी त्यास ओळखले. आणि मग? दिवस मावळला होता. जेवण ताटात होते. यरुशलेम सुमारे 11 किलोमीटर मागे राहिले होते. तरी ते त्याच घटकेस उठून परत निघाले. उलगडलेले शास्त्र असे करिते. दूरच्या देवास ते जवळ आणीत नाही. जवळच असलेल्या देवाची ओळख पटविते, आणि ओळख पटली की बसलेल्या मनुष्यास उठविते.

म्हणून प्रियजनहो, ह्या आठवड्यात एवढे करा. संध्याकाळी दिवा लागल्यावर, पाळक असोत वा नसोत, घरात दहा ओव्या वाचा. ज्यास वाचता येत नाही त्याने शाळेत जाणाऱ्या नातवास वाचावयास सांगावे. त्यात म्हाताऱ्यास कमीपणा नाही आणि मुलास शिक्षण आहे. ऊसतोडीवर असाल तर कोपीपुढे बसून वाचा. वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारा : ह्यातले उद्या मला काय करावयाचे आहे? आणि जर उत्तर भावाच्या बांधाकडे बोट दाखवीत असेल, तर रविवारची घंटा होण्याआधी तिकडे जाऊन या. ती वाट लांब वाटेल. परंतु तीवर आपण एकटे चालणार नाही.

जो आपणांपैकी कोणापासूनही दूर नाही, तो प्रभू आपली अंतःकरणे पेटवो व आपली पावले उचलवो. आमेन.