दिवा साक्ष देतो का?

दोस्तांनो, मी तत्त्वज्ञान शिकलेला माणूस नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात तुटलेले धागे जोडतो. दहावीनंतरचं माझं शिक्षण रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत झालं. बाबासाहेबांचे खंड वाचले, बाकी रद्दीत मिळेल ते वाचलं. त्यामुळे मांडणीत कुठे धागा सुटला तर तुम्ही जोडून घ्या. पण वर्षभर एक प्रश्न डोक्यात फिरतोय आणि रत्नागिरीच्या दीपगृहावर जाऊन आल्यापासून तो झोपू देत नाही.

प्रश्न साधा आहे. ज्याला खडक दिसला, त्याने "इथे खडक आहे" असा उजेड केला. एवढ्याने त्याचं काम संपलं का?

आधी गेलो कशाला ते सांगतो. आमच्या गिरणीत कार्डिंग खात्यात एक मामा होते. नात्याने मामा नव्हेत, गिरणीत वयाने मोठ्या माणसाला आम्ही मामाच म्हणतो. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं मशीनने नेली. मालकाच्या कागदावर लिहिलं गेलं, 'कामगाराने स्वतःहून झाकण काढले.' मी त्या रात्री तिथे होतो. मी काय पाहिलं ते शेवटी सांगेन. तेव्हा मी काय केलं, तर कविता लिहिली. कविता छापून आली, दोन ठिकाणी वाचली, टाळ्या पडल्या. मामा हिशेब घेऊन सासरवाडीला रत्नागिरीला गेले. तिथे बर्फाच्या कारखान्यावर राखणदारी करतात. कविता छापलेला अंक त्यांना स्वतःच्या हाताने द्यावा म्हणून मी रात्रीच्या एस.टी.ने आंबा घाट उतरलो.

मामांनी अंक डाव्या हातात धरला. हळूहळू वाचला. घडी केली. म्हणाले, "चांगलं लिवलंस. चल, तुला दिवा दाखवतो."

रत्नदुर्ग तीन बाजूंनी समुद्रात घुसलेला आहे. एका अंगाला पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला काळा समुद्र. लोक असंच म्हणतात, वाळूच्या रंगावरून. पाणी एकच. किनाऱ्याचा रंग बघून पाण्याला नाव पडतं. आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. टोकाला कडा सरळ खाली तुटलाय. वारा असा की बोललेलं तोंडातच परत येतं. खाली लाटा खडकावर आपटतात तेव्हा जिन्याच्या कठड्याला हात लावला तर थरथर कळते. निदान मला तसं वाटलं. या टोकावर १८६७ पासून जहाजांसाठी दिवा आहे.

हा दिवा माझ्या घरातलाही आहे. माझा आजा रत्नागिरी जिल्ह्यातला. पोटासाठी मुंबईला गेला तो बोटीने. तेव्हा कोकणातला माणूस असाच जाई, किनाऱ्यावरून पडावातून आगबोटीपर्यंत आणि आगबोटीच्या डेकवर पसरून मुंबईपर्यंत. आजा सांगायचा, "पडावात आमाला कोपऱ्यात बसवत. पन भाईर पडल्यावर त्या दिव्याचा फेर आमच्या बी तोंडावर यायचा. त्यो काय जात इचारीत नव्हता." मुंबईच्या गिरणीत मात्र जात विचारली गेली. विणाई खात्यात धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे. आपल्या माणसाची थुंकी त्या धोट्याला लागू नये म्हणून त्या चांगल्या पगाराच्या खात्याचं दार बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांपुढे उघडपणे ठेवला. आजा जन्मभर रिंग खात्यातच राहिला. १९८२ चा संप झाला, गिरणी गेली, आणि माझा बाप घाटावरच्या सूतगिरणीत लागला. मी तिसऱ्या पिढीचा. साचा बदलला, खातं तेच.

आता दिव्याकडे येतो. त्याच किल्ल्यावर भगवतीचं देऊळ आहे. त्या एका देवळाबद्दल मी बोलत नाही, एकूण देवळातल्या दिव्याबद्दल बोलतो. देवळातला दिवा "ये" म्हणतो आणि उंबऱ्यावर अडवतो. याच रत्नागिरीत १९३१ साली सगळ्या जातींना आत घेणारं पतितपावन मंदिर वेगळं बांधावं लागलं. वेगळं बांधावं लागलं, यातच बाकीच्या देवळांची हकिगत आली. दीपगृहाचा दिवा उलट बोलतो. तो म्हणतो, "दूर राहा." हेच दोन शब्द आपल्या पूर्वजांनी हजारदा ऐकले. पण खडकावरचा दिवा दूर राहा म्हणतो तो समोरच्याचा जीव वाचावा म्हणून, आणि सगळ्यांना सारखंच म्हणतो. गावाने दूर राहा म्हटलं ते आपल्या माणसाचं माणूसपण मारावं म्हणून, आणि ते आपल्यालाच म्हटलं. तेव्हा शब्दात नीती नसते. कोण, कोणाला, कशासाठी म्हणतो यात नीती असते.

एक योगायोग मला फार टोचतो. आपल्या देशात दीपगृहांचा कायदा झाला १९२७ साली. मोठ्या बंदरात येणाऱ्या जहाजाने दिव्याचा कर भरायचा आणि उजेड सगळ्यांना सारखा. त्याच १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले म्हणून आपल्या माणसांची डोकी फुटली. परक्या देशाच्या जहाजाला या किनाऱ्यावर उजेडाचा हक्क होता. या किनाऱ्याच्या लेकराला पाण्याचा हक्क नव्हता. तो कोर्टात शाबीत व्हायला १९३७ साल उजाडलं.

इथपर्यंत माझं मन दीपगृहाच्या बाजूचं होतं. जात न विचारणारा उजेड, याहून कवीला काय पाहिजे? वर दिव्याच्या खोलीत गेलो. तिथल्या माणसाने नीट समजावलं. म्हणाला, दिवा तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नसतो. इकडेतिकडे वाया जाणारा उजेड भिंगं गोळा करतात आणि एका दिशेने पाठवतात. ही युक्ती फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाची, १८२३ साली पहिल्यांदा दीपगृहात बसवलेली. मला लगेच संघटना आठवली. एकेकटे आपण किती मिणमिणते, पण एका दिशेने गेलो तर! मी ते वहीत टिपायला लागलो.

तेवढ्यात मामांनी विचारलं, "सायेब, समजा एखादी होडी समोरच फुटली. तर तुमी काय करता?"

तो म्हणाला, "बंदरावर कळवतो. माणसं काढायला ते जातात. मी दिवा सोडून जाऊ शकत नाही. दिवा बंद पडला तर दुसऱ्या दहा होड्या जातील."

मामा काही बोलले नाहीत. माझ्याकडे बघितलं. वही हातातच राहिली.

उतरताना मी तावातावाने बोलायला लागलो. म्हटलं, "मामा, तो बरोबरच सांगतोय. प्रत्येकाचं काम वेगळं. कुणी होडी घालावी, कुणी दिवा लावावा. कवीचं काम दिव्याचं."

मामा म्हणाले, "पोरा, त्यो मानूस रोज रातच्याला तितं असतो. तू त्या राती कुटं हुतास?"

दोस्तांनो, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौकशीच्या दिवशी साहेबाने विचारलं, "तू काही पाहिलंस?" मी म्हणालो, "माझं लक्ष साच्यावर होतं." मी तेव्हा बदली कामगार होतो, पुढच्या महिन्यात कायम होणार होतो. कायम झालो.

आपल्यात अशी पुष्कळ दीपगृहं आहेत. शिकून उंच गेलेला भाऊ म्हणतो, "माझ्याकडे बघा आणि वर या. मी आदर्श घालून दिला." वस्तीत मात्र येत नाही. १९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती याचीच. मी त्या साहेब लोकांवर कविता केल्या आहेत, चांगल्या जळजळीत. पण साहेब होण्यासाठी मोठा पगार लागत नाही. कायम होण्याची आशा पुरते.

मग दीपगृह वाईट का? मी परतीच्या एस.टी.त यावर रात्रभर विचार केला. आधी वाटलं, होय, नुसता उजेड दाखवणारा पळपुटा. नंतर वाटलं, नाही, मी त्या दिव्याच्या माणसावर अन्याय करतोय. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची रीत वेगळी असते. किती सेकंदांनी किती वेळा चमकायचं हे ठरलेलं आणि नकाशावर नोंदलेलं. म्हणून खलाशी अंधारात ओळखतो, हा रत्नागिरीचा, हा जयगडचा. म्हणजे तो दिवा नुसता उजेड नाही, ती सही आहे. तो रोज रात्री सांगतो: मी अमुक, मी तमुक जागी उभा, माझ्या पायाखाली खडक आहे. वादळ आलं म्हणून जबाब बदलत नाही. यालाच आपल्या भाषेत साक्ष म्हणतात.

बुद्धाने शेवटच्या दिवसांत आनंदाला सांगितलं की दुसऱ्याचा आसरा न धरता आपणच आपला दीप व्हावं. पालीत या 'दीप' शब्दाचे दोन अर्थ होतात, दिवा आणि बेट. जाणकारांत यावर वाद आहे. मी गिरणीतला माणूस, मला दोन्ही पाहिजेत. बेट नसलेला दिवा पाण्यावर वाहून जातो, आज इथे, उद्या तिथे, आणि त्याच्यावर भरवसा ठेवणारा बुडतो. पाय रोवायला स्वतःची जागा पाहिजे, मग उजेड. माझ्या कवितेत उजेड होता, जागा नव्हती. तिच्यात 'एक हात' होता, 'एक यंत्र' होतं, 'एक काळी रात्र' होती. गिरणी नव्हती, खातं नव्हतं, तारीख नव्हती आणि मी नव्हतो. तिच्या उजेडात कुठलाही खडक सापडला नसता. म्हणून तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझं उत्तर एवढंच. दाखवणं हे काम आहे, पण जागा आणि नाव लपवून दाखवणं हे काम नाही. होडी घालणं प्रत्येकाला जमेल असं नाही. पण ज्याने पाहिलं त्याने ज्या ठिकाणी उभं राहून पाहिलं त्या ठिकाणी उभं राहून सांगावं. पोट असतं, पोरं असतात, हे मला माहीत आहे. भीती वाटणं गुन्हा नाही. भीतीला कवितेचा सदरा घालून मिरवणं गुन्हा आहे, आणि तो मी केला.

मामांच्या भरपाईचा दावा अजून चालू आहे. मी त्यांना म्हटलं, "मी येतो साक्षीला." ते म्हणाले, "तुजी नोकरी जाईल. मी ये म्हननार न्हाई, नको बी म्हननार न्हाई." कविता परत करतो म्हणालो तर हसले. "ऱ्हाऊ दे. नातीला वाचायला हुईल."

वर कबूल केलं होतं, म्हणून सांगतो. कार्डिंगच्या त्या मशीनचं झाकण उघडलं की मशीन आपोआप थांबावं अशी सोय होती. माल जास्त निघावा म्हणून तिथे तार जोडून ती सोय आठ दिवस आधीच बंद केलेली होती. मामांनी झाकण काढलं नाही, ते निखळलेलंच होतं. मी चार पावलांवर उभा होतो. मी पाहिलं. हेच मी कोर्टात सांगणार आहे.

जयभीम.